चुकीच्या डब्यांतली गाणी

आमच्या घरात वर्षानुवर्षं एक रिवाज होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला हे हॉलमधल्या खुर्चीत बसायचे आणि स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारायचे, "अगं, तो पूरिया कुठे ठेवलायस?" मी गॅस बारीक करून बाहेर यायची, कपाटातून एक डबी काढायची, आतली सीडी प्लेअरमध्ये घालायची आणि पाच-दहा मिनिटं तिथेच टेकायची. गाणं सुरू झालं की हे माझ्याकडे बघून मान हलवायचे, जणू ते मीच म्हणत होते. कणीक तशीच परातीत पडून राहायची. पडू दे.

ह्यांना स्वतःला सीडी सापडत नसे, याला कारण होतं आणि ते कारण मी होते. विकतच्या सीड्यांवर सगळं छापलेलं असायचं, त्यांचा प्रश्नच नव्हता. पण आमच्याकडे साठ सीड्या अगदी कोऱ्या पांढऱ्या होत्या. रेडिओवरून आणि घरगुती बैठकांतून टेप केलेल्या कॅसेटी ह्यांनी एकदा मेन रोडच्या एका दुकानातून सीडीवर उतरवून घेतल्या होत्या. नावं काय ती डब्यांच्या कागदांवर, ह्यांच्या सुबक अक्षरात. मग आम्ही गाडी घेतली. येवल्याला नणंदेकडे जाताना पंधरा-वीस सीड्या बरोबर असायच्या आणि घरी परतल्यावर मी हाताला येईल ती सीडी हाताला येईल त्या डबीत कोंबायची. वर्षभरात सगळ्या पांढऱ्या सीड्यांची अदलाबदल झाली. भीमपलासच्या डबीत पूरिया, तोडीच्या डबीत बागेश्री. हे दोन-चारदा शोधून सरळ हाक मारायला लागले, सगळ्याच डब्या बदलल्यात हे ह्यांना कळलंच नाही. मला मात्र सगळं पाठ होतं. एखाद्या रविवारी बसून सगळं नीट लावता आलं असतं. मी लावलं नाही. कशाला लावू?

मागच्या वर्षी प्लेअर बंद पडला. नाशिक रोडच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, याचा पार्ट आता मिळत नाही." हे चार दिवस सुतकात असल्यासारखे बसले. तेव्हा सूनबाई पुढे झाली. मुलगा सातपूरला कारखान्यात जातो, ही घरूनच लॅपटॉपवर काम करते. म्हणाली, "बाबा, आपण सगळ्या सीड्या कॉम्प्युटरवर घेऊ. मग फोनवर बोट लावलं की हॉलमध्ये, गॅलरीत, कुठेही वाजेल."

ह्यांचा चेहरा असा उजळला की माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू?

सून सिन्नरची. मुलगी चांगली आहे, हे मी कुणालाही सांगेन. पण तिला यमन आणि भूप यांतला फरक कळत नव्हता. आईशी फोनवर बोलताना "लय काम हाय गं" म्हणायची आणि ह्यांच्यासमोर "बाबा, ही बंदिश भारी आहे" म्हणायची. बंदिश हा शब्द तिने आठ दिवसांपूर्वी ऐकला होता. तोही ह्यांच्याकडूनच.

सीडी घालायची खाच आताच्या लॅपटॉपला नसते म्हणून तिने एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. वायफायच्या डब्याशेजारी एक छोटी काळी पेटी आली. गाणी त्या पेटीत राहणार होती. हॉलमध्ये एक स्पीकर, गॅलरीत एक. मग रोज दुपारी जेवणं झाली की सासरा आणि सून डायनिंग टेबलाशी बसायचे. एक सीडी उतरायला सहा-सात मिनिटं लागत. तेवढ्यात हे तिला गोष्टी सांगत. कुठल्या मैफिलीत तबलजी उशिरा आला, कुठल्या गवयाने पानासाठी गाणं थांबवलं. या सगळ्या गोष्टी मी ऐकलेल्या. काही तर मी ह्यांच्याहून चांगल्या सांगते. पण मला कुणी विचारलं नाही. मी पलीकडे मेथी निवडत बसायची आणि देठांबरोबर पानंही कचऱ्यात टाकायची.

विकतच्या सीड्यांची नावं इंटरनेटवरून आपोआप येत होती. पांढऱ्या सीड्या घातल्या की पडद्यावर नुसतं 'अनोळखी कलाकार' यायचं. मग सून डबी उचलायची, कागदावरचं वाचायची आणि टाइप करायची. गाणं ऐकून बघायला वेळ कोणाला होता? मी बघत होते. भीमपलासची डबी तिच्या हातात होती, आत पूरिया होता आणि तिची बोटं टकटक करत भीमपलास लिहीत होती. एक वाक्य बोलायचं होतं मला. "अगं, थांब, डब्या बदलल्यात." मी तोंडाला कुलूप लावलं. साठच्या साठ सीड्या चुकीच्या नावाने पेटीत जाताना मी बघितल्या आणि त्या आठवड्यात मला फार छान झोप लागली.

पहिल्या संध्याकाळी मोठा थाट होता. मुलगा लवकर आला होता. ह्यांनी चष्मा लावून फोनवर पूरिया शोधला आणि बोट ठेवलं. स्पीकरमधून सकाळची तोडी सुरू झाली. ह्यांनी दुसरं लावलं, तर पावसाचा मल्हार लागला. बाहेर वैशाखाचं ऊन नुकतं कुठे कलत होतं. मी ओट्याशी उभी राहून तोंडाला पदर लावला होता. वाटलं, आता हाक येईल. आता म्हणतील, बोलवा तिला, तिलाच माहीत असणार.

हे हसले. सुनेला म्हणाले, "असू दे गं. एवढं केलंस हेच खूप. मी बसून बघेन कधीतरी."

असू दे गं! माझ्याकडून एकदा चुकून एक सीडी उन्हात राहिली होती, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात हे तीन दिवस येवल्याला भाच्याच्या लग्नाला गेले. माझे गुडघे धरले होते म्हणून मी मागे राहिले. दुपारी सून लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आली. डोळे लाल. म्हणाली, "आई, बाबा यायच्या आत मला हे नीट करायचंय. पण मला ओळखूच येत नाहीत. तुम्ही सांगाल?"

मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. पण मदत केली. तिने एकेक गाणं लावायचं, मी डोळे मिटून दोन क्षण ऐकायचं आणि राग सांगायचा. खरं तर पडद्यावरचं चुकीचं नाव वाचलं की आत काय आहे ते मला न ऐकताच कळत होतं. पण तिला वाटलं मी कानाने ओळखतेय, आणि मी तसं वाटू दिलं. "बाप रे, आई! तुम्ही तर बाबांच्या वर आहात," ती म्हणाली. तिने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी खुशीत चढले. दोन दुपारींत एकोणसाठ सीड्या झाल्या.

साठावी राहिली. पडद्यावर नाव होतं मुलतानी. आत होता मारवा. आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, जेल रोडच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ह्यांनी एका गायनशिक्षकांची बैठक ठेवली होती, तिचं ते रेकॉर्डिंग. दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसलेली. विलंबित रंगात आलेलं, सगळे गप्प, आणि अचानक आतल्या खोलीतून माझा आवाज, अगदी खणखणीत, "अहो, दूध नासलं!" मग हशा. गवईही हसले आणि हसत हसतच समेवर आले. कुणी पाहुणा आला की हे ती सीडी लावायला सांगायचे. तो क्षण जवळ आला की बोट वर करायचे. "ऐका. ह्या आमच्या सौभाग्यवती." मी लाजून आत जायची आणि दाराआडून ऐकत उभी राहायची.

सुनेने सुरुवातीची आलापी लावली. मी म्हटलं, "हे भजनांचं आहे. 'किरकोळ भजनं' असं लिही."

"भजन वाटत नाही पण."

"पुढे आहेत."

तिने लिहिलं. हे भजनांच्या वाटेला कधी जात नाहीत, हे मला ठाऊक होतं. माझा हिशेब सरळ होता. एक दिवस ह्यांना ती बैठक हवी होईल, फोनवर सापडणार नाही आणि मग ह्यांना मला विचारावंच लागेल.

हे येवल्याहून आले. सगळं जिथल्या तिथे होतं. पूरिया म्हटलं की पूरिया. सुनेने मोठ्या मनाने सांगितलं की आईंनी सगळे राग ओळखून दिले. हे म्हणाले, "वा, छान," आणि फोनकडे वळले. पांढऱ्या सीड्यांचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटायला लागलाच होता. मुलाने त्या पिशवीत भरून घंटागाडीत टाकल्या. कपाटाच्या त्या कप्प्यात आता औषधं असतात.

मी वाट बघितली. वैशाख गेला, श्रावण गेला. घरात पाहुणे आले, ह्यांनी त्यांना फोन दाखवला, गॅलरीतला स्पीकर दाखवला. रोज काहीतरी नवं ऐकायचे. सून शोधून द्यायची, दोघं त्यावर बोलायचे. ती बैठक ह्यांना एकदाही आठवली नाही. मी एकदा भाजी चिरताना मुद्दाम म्हटलं, "जेल रोडची ती खोली किती लहान होती नाही?" हे म्हणाले, "हं."

परवा संध्याकाळी सून पेटी आवरायला बसली. तिला घरातले फोटोही त्यात ठेवायचे होते आणि जागा कमी पडत होती. कुठलं गाणं किती वेळा वाजलं, तेही त्यात दिसतं म्हणे. मी शेंगा सोलत बसले होते. हे खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते.

"बाबा, ही किरकोळ भजनं कोणी एकदाही लावलेली नाहीत. काढून टाकू?"

"टाक की," हे म्हणाले. डोळेही उघडले नाहीत.

तिचं बोट पडद्यावर होतं. माझ्या मांडीवरचं ताट कधी खाली पडलं, मला कळलं नाही.

"काढू नकोस!" मी ओरडले. "त्यात मी आहे!"

गाणं चालूच होतं. दोघंही माझ्याकडे बघत होते. ह्यांनी चष्मा लावला.

"भजनात?" हे म्हणाले. "भजनात तू कुठली आलीस?"

आता सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, डब्यांपासून, आणि तेही तिच्यासमोर.