गणपतीच्या प्लेटा

पेणला आमच्या घरात निऱ्यांना कोणी निऱ्या म्हणत नाही, प्लेटा म्हणतात. गणपतीचा कारखाना घरातच आहे आणि हल्ली गिऱ्हाइकाला रंगवलेलं धोतर चालत नाही, खरं कापड लागतं. ते मूर्तीला नेसवायचं काम माझं. कमरेशी गोंद लावायचा, कापडाच्या प्लेटा एकावर एक बसवायच्या आणि दाबून धरायच्या. नवी सून असताना मी सासूबाईंना विचारलं होतं, किती वेळ धरायचं? "गोंद धरंपर्यंत," त्या म्हणाल्या. पावसाळी हवेत तो लवकर धरत नाही. शिवाय त्यांचा दंडकच आहे, देवाला अर्धा नेसलेला सोडून उठायचं नाही. एक झाला की त्या दुसरा पुढ्यात आणून ठेवतात. "एवढा कर गो, मंग ऊठ." हे 'एवढा' लग्नापासून संपलेलं नाही.

माझं माहेर रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावचं. पूल ओलांडून रोह्याच्या कॉलेजात जायचे. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, मग बी.एड. केलं. मला शिकवायचं होतं. त्याऐवजी उंदीर-मोदकांच्या गराड्यात येऊन बसले. आषाढ लागला की घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. दारापर्यंत जायचं तर पदर आवरून, अंग चोरून जावं लागतं. सगळे देव माझ्याकडे बघत असतात आणि एकही बाजूला सरकत नाही. कोंडल्यासारखं व्हायचं मला. राग यायचा, आणि देवासमोर राग आला म्हणून पुन्हा स्वतःचाच राग.

हात अडकलेले असले की डोकं मोकाट सुटतं. असंच एकदा मनात आलं, हा प्लेट शब्द आला कुठून? दुपारी जेवण झाल्यावर मोबाइलवर डिक्शनरी उघडली. आपली प्लेट म्हणजे इंग्रजीतलं 'प्लीट', ताटली नव्हे. लॅटिनमध्ये घडी घालण्याला एक शब्द होता, तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला म्हणे. अप्लाय, रिप्लाय हे त्याचेच भाऊबंद. आणि एम्प्लॉयसुद्धा! त्याचं मूळ तर आत गुंडाळणं, गुंतवणं. मला हसूच आलं. म्हणजे मी कधीचीच एम्प्लॉइड होते की, कोणी ऑर्डर हातात दिली नव्हती एवढंच. त्याच तिरीमिरीत रोह्याच्या एका शाळेत अप्लाय केलं.

इंटरव्ह्यूला बोलावलं ते नेमकं गणपतीच्या तोंडावर. नवरा म्हणाला, "आईला विचार." सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "जा की, मी कुठं नाय म्हणते?" आणि जायच्या सकाळी एक भली मोठी मूर्ती पुढ्यात आणून ठेवली. "एवढा कर गो."

बसले करायला. एका हाताने प्लेटा दाबून धरलेल्या, गोंद ओलाच, आणि रोह्याच्या गाडीची वेळ होत आलेली. इतक्यात शाळेतून मेसेज आला, येताय ना? रिप्लाय करायला दुसऱ्या हाताचं बोट लावलं, तर गोंदाने माखलेलं बोट स्क्रीन ओळखेना. साडीला पुसलं तरी ओळखेना. मला रडूच फुटलं. सासूबाई जवळ येऊन वाकल्या, रडणं बघायला नव्हे, प्लेटा सरळ बसल्यात का ते बघायला.

"आई, जरा धरा," म्हणून मी त्यांचा हात ओढून प्लेटांवर ठेवला आणि माझा काढून घेतला.

"अगो, पण मी..."

"सोडू नका हं. देव अर्धा नेसलाय."

हात धुतले, साडी बदलली, शाळेला 'येते' कळवलं. मूर्तींमधून अंग चोरत दाराशी आले. सासूबाईंना जागचं हलता येत नव्हतं. त्यांनी मान तेवढी वळवली. मला वाटलं, आता ओरडतील. पण आवाज अगदी बारीक आला.

"किती वेळ धरू गो मी?"

"गोंद धरेपर्यंत," मी म्हटलं आणि पायात चप्पल सरकवली.