सोयाबीनच्या पाकिटावरचं नाव

"सही कुठं कराची ते सांगा मॅडम, अन् मोकळं करा मले," असं म्हणून शेवंताबाईने माझ्याच टेबलावरचा पेन उचलला.

मी तो तिच्या हातातून काढून घेतला. मी अकोल्यात वकिली करते. बहुतेक काम वाटणीच्या दाव्यांचं. भाऊ-भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून भांडतात, त्यावर माझं घर चालतं. बियाण्याची केस त्याआधी कधी आली नव्हती. पण न वाचता सही करणारा अशील मला कुठल्याच केसमध्ये चालत नाही.

शेवंताबाई हिवरखेडजवळच्या खेड्यातली. भाजीपाला आणि थोडं सोयाबीन करते. सोबत वच्छलाताई होत्या, गावातल्या बायांच्या बियाणे मंडळाच्या पुढारी. हे मंडळ दर उन्हाळ्यात बियाण्याची जत्रा भरवतं. घरचं बियाणं आणायचं, दुसरीचं न्यायचं आणि पीक निघालं की सवाईने परत करायचं, म्हणजे पायलीला सव्वा पायली. ज्याला पैसे द्यायचे असतील त्याने पैसे द्यावेत. दरवर्षी कंपनीच्या दारात उभं राहायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट. मागच्या जत्रेनंतर एका बियाणे कंपनीची शेवंताबाईला नोटीस आली. आमचं नोंदणी केलेलं वाण तुम्ही विकता, लेखी माफी द्या, नाहीतर जिल्हा न्यायालयात दावा लावतो.

"तुम्हालाच का?" मी विचारलं. "जत्रेत तर पुष्कळ बाया होत्या."

वच्छलाताईंनी पिशवीतून सोयाबीनचं एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. ते वाचून मी कपाळाला हात लावला. छापील लेबल होतं. वर ठळक अक्षरांत कंपनीच्या वाणाचं नाव. त्याखाली, 'शेवंताबाईच्या वावरात वाढलेलं'.

"हे कोणी छापलं?"

"आमीच. अकोटाहून छापून आनलं," वच्छलाताई कौतुकाने म्हणाल्या. "काहून? चांगलं नाई छापलं काय?"

कायदा थोडक्यात असा. कंपनीने वाण नोंदवलं की ते विकायचा हक्क तिचा. पण आपल्या कायद्याने शेतकऱ्याला मोठी मोकळीक दिली आहे. त्या वाणाचं आपल्या शेतातलं बियाणं तो पुढच्या हंगामाला राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूसुद्धा शकतो. फक्त पाकिटात भरून, त्यावर त्या वाणाचं नाव लावून विकायचं नाही. सुटं चालतं. नाव लावलेलं पाकीट चालत नाही. बायांनी नेमकं तेवढंच केलं होतं. मी कंपनीची वकील असते तर मारुतीला नारळ फोडला असता.

"नाव टाकायची काय गरज होती?" माझा आवाज चढला.

इतका वेळ खाली मान घालून बसलेली शेवंताबाई एकदम ताठ झाली. "मंग काय टाकाचं? आमच्याकडे घर सांगितल्याबिगर बियानं देत नाई, मॅडम. कोनाचं हाय, कोनाच्या वावरातून आलं, समदं सांगा लागते. सून आनता तं तिचं माहेर इचारता ना? हे मुळात कंपनीचं. मी फक्त माह्या नावावर खपवलं असतं तं ते चोरी झाली असती."

चोरी होऊ नये म्हणून लावलेलं लेबल कंपनीने चोरीचा पुरावा म्हणून जोडलं होतं.

"भासरे म्हनते, सही करून टाक," ती म्हणाली. भासरे म्हणजे थोरले दीर. "रोज बोलनं खाऊन राहिलो मी घरात. कोर्टाची पायरी आमच्या घरानं पाह्यली नाई, अन् तू दाखवतं म्हनते."

मी नोटिशीसोबत आलेला माफीनामा मोठ्याने वाचला. 'यापुढे कोणत्याही पिकाचे बियाणे कोणासही, कोणत्याही स्वरूपात देणार नाही.'

"शेवंताबाई, अंबाडी लावता?"

"लावतो ना. मायच्या घरची हाय."

"यावर सही केली तर ती तुमच्या लेकीलाही देता येणार नाही."

पेनाकडे पुन्हा निघालेला तिचा हात थांबला.

पुढच्या आठवड्यात कंपनीचे अधिकारी अमरावतीहून आले. सोबत त्यांचे वकील. अधिकारी तरुण आणि बोलायला अगदी गोड.

"मॅडम, बायांना त्रास द्यायचा नाही आम्हाला. सही झाली की विषय संपला. उलट पुढची जत्रा आम्ही स्पॉन्सर करू. मंडप, जेवण, सगळं."

"आणि बियाणं?"

"ते अर्थातच आमचं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी विचारलं, "तक्रार एका पाकिटाची आहे. मग माफीत ज्वारी, तूर, अंबाडी कशी आली?"

"स्टँडर्ड ड्राफ्ट आहे," त्यांचे वकील म्हणाले.

"मग माझाही घ्या." मी दोन ओळींचा कागद पुढे सरकवला. वाणाचं नाव लावलेल्या पाकिटात बियाणं देणार नाही. सुटं द्यायचा शेतकऱ्याचा हक्क कायम.

"हेड ऑफिसला चालणार नाही."

"मग लावा दावा. तो हक्क कोर्टात मोठ्याने वाचून दाखवीन. पेपरवालेही येतील ऐकायला."

ते चहा न घेता उठले.

जत्रा तोंडावर आली होती. मी वच्छलाताईंना सांगितलं, पाकिटं फोडा, ढीग लावा, कुठेही पाटी नको. त्यावर शेवंताबाईचा निरोप आला, "लिवाचं नाई, समजलं. पन कोनी इचारलं तं सांगाचं का नाई?" मी कायद्याचं पुस्तक पुन्हा काढलं. कायदा पाकिटाबद्दल आणि लेबलाबद्दल बोलत होता. तोंडाबद्दल काही म्हणत नव्हता. सांगा, म्हटलं.

जत्रेच्या दिवशी मी स्वतः गेले. प्रत्येक ढिगामागे एक बाई बसून बियाण्याचं घर सांगत होती. सोयाबीनच्या ढिगामागे मात्र कोणी नव्हतं. "भासऱ्यानं अडवलं असन," वच्छलाताई हळूच म्हणाल्या. ऊन चढत चाललं होतं. मला वाटलं, हरलो. कोर्टात नाही, तिच्या घरातच हरलो.

तेवढ्यात ती आली, डोक्यावर पदर, कपाळावर घाम. कोणाशी न बोलता ढिगामागे बसली. ती टेकते न टेकते तोच कंपनीचे अधिकारी मोबाइलवर शूटिंग करत समोर उभे राहिले.

"बाई, हे कोणतं वाण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. वकिलाने खूण केली असं शूटिंगमध्ये यायला नको.

"तुमचंच हाय, साहेब," ती म्हणाली. "तीन-चार वर्सापासून माह्या वावरात हाय. सुटं देऊन राहिलो, कायद्यानं." मग तिने पायली भरून त्यांच्यापुढे धरली. "न्याचं काय? पन सवाईनं वापस करा लागते."

बाया खदखदून हसल्या. साहेबांनी मोबाइल खिशात घातला.

पुढे माझाच दोन ओळींचा कागद कंपनीची सही होऊन परत आला. दावा लागला नाही. तो स्टँडर्ड ड्राफ्ट अजूनही दुसऱ्या गावांत फिरतो, असं ऐकते. त्याचं मला वाईट वाटतं, कारण तिथे कोणीतरी न वाचता सही करत असेल.

शेवंताबाईचे भासरे तिच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. पेरणीच्या तोंडावर मात्र सोयाबीन तिच्याकडूनच नेलं, तेही सवाईच्या बोलीवर. फक्त कोठून आणलं ते गावात सांगू नको म्हणाले. तिने पहिल्याच दिवशी सगळ्या गावाला सांगितलं.

एवढ्या वर्षांच्या वकिलीत मी एक शिकले. खरेपणा कोर्टात टिकतो. छापायच्या आधी मात्र तो वकिलाला दाखवून घ्यावा.