अळणी ताट

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात त्यांना सगळे पळीमावशी म्हणत. एखादा पेशंट जेवणाकडे पाठ फिरवून बसला की नर्स त्यांनाच बोलावून घेई, आणि मावशी हातातली पळी खाली न ठेवताच वॉर्डात हजर होत. दुःखाला आधी जेवू घालावं, मग त्याच्याशी भांडावं, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर ते बऱ्याचदा लागू पडायचं. भरल्या पोटी माणूस हसतो असं नाही, पण निदान उशीवरून डोकं तरी उचलतो.

बावीस वर्षं मावशींनी हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटांचा स्वयंपाक केला. त्यात मीठ घालायचंच नाही. ज्याला परवानगी असेल त्याच्या ट्रेमध्ये मिठाची पुडी ठेवायची. त्यामुळे त्यांचा हात मिठाच्या डब्याकडे वळायचंच विसरला होता, आणि जीभही कामातून गेली होती. घरी मीठ बघायचं काम लेकीचं. सात वर्षांची असल्यापासून ती स्टुलावर चढून चव घ्यायची आणि तोंड वाकडं करून विचारायची, "घरात पेशंट कोण आहे?" लग्नानंतरही माहेरी आली की डबा पुन्हा तिच्याच ताब्यात.

तीच लेक आता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचं बाळ आठव्या दिवशी गेलं. ते जाऊन अठरा दिवस झाले होते. मावशी तिला खायला लावतीलच, या भरवशावर जावयानं तिला आणून सोडलं. पण दोन घोट चहा, अर्धं बिस्किट, यापलीकडे गाडी सरकेना. शुक्रवारी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, सोमवारपर्यंत ही जेवली नाही तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. मावशींनी अशा नळ्या पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

शनिवारी सकाळपासून त्या कंबर कसून ओट्याशी उभ्या राहिल्या. सूप केलं, मऊ भात केला, लेकीला लहानपणापासून आवडणारा, लोण्यात परतलेला कोबी केला. ताट घेऊन गेल्या आणि पलंगापाशीच थांबल्या. लेक उठून बसली. एक घास, मग दुसरा, मग तिसरा. मावशी एकेक घास बघत उभ्या. ताट रिकामं झालं.

मावशींना आभाळ ठेंगणं झालं. लगेच जावयाला फोन करून त्यांनी सांगितलं की पोरीनं ताट लख्ख केलंय, नळीबिळी काही लागत नाही. मग आठवलं, आपण स्वतः कालपासून उपाशी आहोत. पातेल्यातला भात त्यांनी उभ्याउभ्याच तोंडात घातला, आणि घास तोंडातच थांबला. आज मीठ बघितलं कुणी? त्यांनी डबा काढला. मागच्या खेपेला लेकीनं घट्ट लावलेलं झाकण तसंच होतं. चिमूटभर कमी पडलं तरी जिला कळायचं, तिनं अख्खं ताट संपवलं होतं आणि तोंडसुद्धा वाकडं केलं नव्हतं.

मावशी खोलीत आल्या. "कशातच मीठ नव्हतं गं. बोलली का नाहीस?"

"कळलं होतं." लेक छताकडे बघत होती. "तू अशी बघत उभी होतीस की म्हटलं, संपवून टाकावं एकदाचं. तुझ्यासाठी खाल्लं मी. तो गेल्यापासून तू नुसती शिजवतेयस, आई. एकदा तरी त्याच्याबद्दल बोललीस?"

खोटं नव्हतंच ते. त्या आठ दिवसांतही मावशी बाळाच्या आयसीयूच्या काचेपाशी दोन मिनिटं उभ्या राहायच्या आणि लेकीला काहीतरी गरम आणायच्या निमित्तानं तिथून पळ काढायच्या. जन्मभर दुसऱ्यांच्या दुःखाला जेवू घातलं, आपलं मात्र दाराबाहेर ताटकळत ठेवलं. पलंगाला टेकून त्या जमिनीवर बसल्या.

"मी त्याला नीट पाहिलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "डोळे कुणासारखे होते?"

लेक आईकडे कुशीवर वळली.

"त्यानं उघडलेच नाहीत, आई."