हेल्गाच्या रायफलीबाबत

विषय : बंदुका बाळगण्यावरील प्रस्तावित निर्बंधांस गावच्या नेमबाजी मंडळाचा विरोध, तसेच सभासद श्री. वेर्नर यांचा, दिवंगत पत्नीची रायफल स्वतःजवळ राहू देण्याबाबतचा अर्ज.

संदर्भ : मंडळाच्या बाकावर समक्ष झालेली चर्चा.

महोदय,

(हे सवयीने लिहिलं गेलं. राहू द्या.)

माझी सगळी नोकरी जिल्हा कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत झाली. तिथे फायली साचायच्या आणि किस्सेही साचायचे. फायलींवर धूळ बसायची. किस्से मात्र सांगून सांगून चकचकीत व्हायचे! निवृत्त झालो तेव्हा वाटलं, बंदुकवाल्यांपासून सुटलो. मग मुलीकडे, जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळच्या गावात, मुक्कामाला आलो. पाहतो तर आमचे जावई प्रशांत दिवसा मोटारींचे ब्रेक डिझाइन करतात आणि संध्याकाळी नेमबाजी मंडळात जातात. शेजारच्या वेर्नरनेच त्यांना नेलं होतं. "बाबा, इथे गावात मिसळायचं तर एक तर फायर ब्रिगेड, नाही तर हे," जावई म्हणाले.

म्हणजे किस्स्यांचा साठा पुन्हा सुरू झाला.

*

मी पहिल्यांदा मंडळात गेलो त्या संध्याकाळी वातावरण तापलेलं होतं. सरकारने नव्या कायद्याचा मसुदा काढला होता. प्रत्येक बंदुकीची गरज वेगळी सिद्ध करायची, म्हणजे त्याच बंदुकीने नियमित नेमबाजी केल्याचं दाखवायचं. नाही तर बंदूक जमा.

अध्यक्षा ऊटेबाई. पूर्वी बेकरी चालवायच्या, आता मंडळ चालवतात. आवाज तोच, पहाटे पाव विकणाऱ्याचा. टेबलावर मूठ आपटून म्हणाल्या, "गरज सिद्ध करा म्हणे! माझ्या नवऱ्याची गरज मला अजून सिद्ध करता आलेली नाही. त्याला ठेवलाय ना घरात?"

नवरा शेजारीच होता. त्यानेही टाळी वाजवली!

वेर्नरकडे दोन बंदुका, एक त्याची आणि एक हेल्गाची. हेल्गा म्हणजे त्याची बायको, आदल्या वर्षी गेली. गावच्या जत्रेत खांबावरचा लाकडी पक्षी जो शेवटी पाडतो तो वर्षभराचा राजा. हेल्गा ती रायफल घेऊन कितीदा तरी राणी झालेली. आता रायफल वारसाने वेर्नरकडे आलेली, आणि त्याचे हात आजारपणानंतर थरथरायला लागलेले. नियम आधीपासूनच असा, की वारसाने गरज सिद्ध केली नाही तर नळीत कायमची खीळ ठोकायची. ती टळावी म्हणून वेर्नरने अर्ज केलेला.

"खीळ म्हणजे?" मी प्रशांतमार्फत विचारलं.

वेर्नर म्हणाला, "म्हणजे हेल्गाच्या तोंडात बोळा. जिवंतपणी तिला कोणाला गप्प करता आलं नाही."



*

माझी नोकरी कसली होती हे प्रशांतनी सांगितल्यावर सगळ्यांनी खुर्च्या जरा लांब सरकवल्या. मांजरांच्या सभेत निवृत्त कुत्रा!

"तुमच्याकडे कसं असतं?" ऊटेबाईंनी उलटतपासणी सुरू केली.

मी सांगितलं, की निवडणूक जाहीर झाली की परवानाधारक आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात नेऊन जमा करतात.

कोणाचा तरी बिअरचा ग्लास अर्ध्यावर थांबला.

"आणि निवडणुकीनंतर परत मिळतात?" वेर्नर.

"मिळतात."

"त्याच?"

ऊटेबाई उठल्या, खिडकी लावून आल्या आणि मला म्हणाल्या, "हेर सबनीस, हे इथेच राहू द्या. बर्लिनमध्ये कोणाच्या कानावर गेलं तर त्यांना फार आवडेल!" (हेर म्हणजे इथे श्रीयुत; गुप्तहेर नव्हे.)

*

त्याच मुक्कामात खंडेनवमी आली. मंजिरीने, माझ्या मुलीने, घरातल्या सुऱ्या, लॅपटॉप, मोटारीची किल्ली असं सगळं पाटावर मांडलं. वेर्नर सफरचंदं द्यायला आला होता. त्याने विचारलं, हे काय? मी सांगितलं, आज शस्त्रांची पूजा.

तो पाटाजवळ आला. मग म्हणाला, "हेल्गाच्या रायफलीची होईल?"

"अहो काका, का नाही!" मंजिरीने तबक उचललंसुद्धा.

आता मी परवाना शाखेतला माणूस. विनापरवाना इसमाने शस्त्राला बोट लावू नये, एवढं माझ्या रक्तात आहे. त्याच्या घरी आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभे राहिलो, आणि वेर्नरने तिजोरी उघडली. रायफल टेबलावर ठेवली. मी लांबूनच पौरोहित्य केलं : "आता हळद. आता कुंकू. वेर्नर, अनामिकेने! फूल." झेंडू बाल्कनीतला होता. निरांजन मंजिरीने टेबलाच्या कडेला ठेवलं. वेर्नरचा हात थरथरत होता, त्यामुळे कुंकू जरा सढळ लागलं.

इतक्यात दारावरची बेल वाजली.

आम्टच्या बाई! आम्ट म्हणजे इथली कचेरी. बंदुका नीट कुलपात आहेत की नाहीत हे पाहायला तिथून न कळवता कोणीही येतं. बाईंनी पाहिलं : तिजोरी सताड उघडी, टेबलावर रायफल, रायफलीवर लाल डाग, शेजारी जळती ज्योत, आणि भिंतीशी हात मागे बांधलेले तीन परदेशी.

"हे ओलीस आहेत का?" त्यांनी विचारलं.

"शेजारी आहेत," वेर्नर म्हणाला.

"आणि हे?" बोट रायफलीकडे.

वेर्नर ताठ उभा राहून म्हणाला, "वार्षिक देखभाल."

बाईंनी ज्योत विझवायला लावली, रायफल स्वतःसमोर तिजोरीत ठेवायला लावली, फोटो काढले आणि गेल्या. दार लागल्यावर वेर्नर खुर्चीत बसला तो उठेचना. मंजिरी रडवेली. प्रशांत म्हणाले, "बाबा, माझ्या नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे हो!"

*

आठवड्याभरात आम्टचं पत्र आलं. श्री. वेर्नर यांच्या ताब्यातील शस्त्रावर आढळलेल्या पदार्थाबाबत व ज्योतीबाबत खुलासा करावा; त्याशिवाय त्यांच्या अर्जाचा विचार करता येणार नाही.

खुलासा! आयुष्यभर लोकांकडून मागवले, आता लिहायची पाळी माझी. मी लिहिला, प्रशांतनी जर्मन केलं. त्यात स्पष्ट म्हटलं, की आमच्याकडे या दिवशी जो तो आपल्या कामाच्या साधनाला नमस्कार करतो. शेतकरी कोयत्याला, सुतार करवतीला, आणि मी स्वतः कचेरीत असताना शिक्क्याला करत असे. सदर पदार्थ हळद व कुंकू असून अपायकारक नाही. श्री. वेर्नर यांच्याकडे पत्नीचं कामाचं साधन हे एवढंच उरलं आहे.

शेवटचं वाक्य पाहून प्रशांत म्हणाले, "हे जरा भावनिक होतंय."

मी म्हटलं, "राहू द्या. नियमात बसत नसेल तर ते खोडतील."

*

मसुद्याच्या निषेधाला मंडळ बर्लिनला गेलं. हिरवी जाकिटं, पिसांच्या टोप्या. पोलिसांना म्हणे हिंसेची धास्ती होती. आमचा मोर्चा पहिल्याच सिग्नलला लाल दिवा बघून थांबला. रस्त्यात चिटपाखरू नाही, पण कोणी हलेना! तेवढ्यात सायकलच्या पट्ट्यात उभे राहिलो म्हणून एका सायकलवालीने जी खरडपट्टी काढली, तेवढी दिवसभरात सरकारचीसुद्धा निघाली नाही. प्रशांतनी फलक असा धरला होता की फलक दिसावा, जावई दिसू नये.

समोरच्या फुटपाथवर निर्बंध हवेत म्हणणारे उभे होते. त्यांच्यात एक बाई. हातात शाळकरी मुलाचा फोटो. ती ओरडली नाही, हलली नाही. वेर्नरने टोपी काढली. मग एकेकाने काढली. घोषणा आपोआप बंद पडल्या.

परतीच्या बसमध्ये वोल्फ्सबुर्ग जवळ आल्यावर ऊटेबाई स्वतःशीच म्हणाल्या, "ती काही तरी बोलली असती तर बरं झालं असतं. उत्तरं सगळी पाठ होती."

*

मग आम्टने कळवलं, अर्जदाराने सदर रायफलीने नेमबाजी करून दाखवावी; मंडळाने तसा दाखला द्यावा.

त्या दिवशी सगळं मंडळ हजर. वेर्नर मैदानावर हेल्गाच्याच जागी उभा राहिला. नळी वाऱ्यावरच्या फांदीसारखी हलत होती. शेजारच्या पट्टीवर प्रशांत. दोघांच्या बंदुका जवळजवळ एकदम वाजल्या.

लक्ष्यं जवळ आणली. वेर्नरचा कागद कोरा. प्रशांतच्या कागदावर दोन भोकं : एक कोपऱ्यात आणि एक बरोबर मध्यभागी!

जावई शपथेवर सांगतात, की कोपऱ्यातलं त्यांचं.

ऊटेबाईंनी नियमावली उघडली, मिटली. "नेमबाजी करावी असं लिहिलंय. कोणाच्या कागदावर ते नाही लिहिलं." आणि दाखल्यावर सही केली. वेर्नर मात्र सहीकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वर्षी मला हेही जमणार नाही."

*

पुढच्या वर्षी मी पुन्हा आलो तो खंडेनवमीलाच. वेर्नरचा हात आता काठीवर. अर्जाचं उत्तर नाही. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो : रायफल तिजोरीत, तिजोरी बंद, टेबलावर नुसतं तबक. पूजा तिजोरीच्या दाराची करायची, त्याला कुठलाच कायदा आड येत नाही.

बेल वाजली.

त्याच बाई. वेर्नरने न सांगताच किल्ली काढली. बाईंनी तिजोरी उघडून पाहिली. हेल्गाच्या रायफलीवर गेल्या वर्षीचं कुंकू तसंच होतं; त्याने पुसलंच नव्हतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि कागदावर काही तरी लिहिलं. पेन मिटलं.

मग खांद्यावरची पिशवी पुढे घेतली. आतून कचेरीचा गोल शिक्का काढला आणि तबकाशेजारी ठेवला.

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने शिक्क्याला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं.

बाईंनी शिक्का रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेल्या तेव्हा वेर्नरने विचारलं, "माझ्या अर्जाचं?"

"विचाराधीन आहे," त्या म्हणाल्या.

हे लिहीपर्यंत अर्ज प्रलंबित आहे.