डावीकडं बघणारा ड्रायव्हर

लोहाऱ्याच्या राजशेखर बिराजदारची मान डावीकडं जरा जास्त वळते. जन्मतः नाही, धंद्यानं वळवली. लोहारा ते हैदराबाद हायवेवरचा आष्टामोड फाटा या रस्त्यावर त्यानं इतकी वर्षं काळी-पिवळी जीप चालवली की समोरचा रस्ता त्याला पाहावाच लागत नसे. तो पाहायचा डावीकडं. बांधावर, बाभळीखाली, शाळेच्या भिंतीआड कुणी हात वर केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. जीपवाल्यांच्या भाषेत प्रवाशाला शीट म्हणतात, आणि रस्त्यावरचं शीट सोडून पुढं जाणं म्हणजे ते मागून येणाऱ्या जीपला आंदण देणं. एकदा जेवळीच्या अलीकडं एका माणसानं ज्वारीवरची पाखरं हाकायला हात वर केला, तर राजशेखरनं करकचून जीप थांबवली आणि “चला, लोहारा, लोहारा” असा पुकारा केला. ही गोष्ट तो स्वतःच सांगतो. त्या माणसाला शेवटी जीपमध्ये बसवलंच, हेही सांगतो.

मग एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं. आधी बाजारच्या बायका कमी झाल्या, मग त्यांच्याबरोबर येणारे पुरुष कमी झाले. राजशेखर म्हणायचा, “चार दिवसाची हौस हाय. एसटीत बसायला जागा मिळंना झाली की येतील परत.” एके दिवशी त्याची बायको महेश्वरी माहेरी निघाली. त्यानं जीप पुसून, पुढची सीट रिकामी ठेवून दाराशी आणली. तोवर ती स्टँडवर जाऊन एसटीत बसलीसुद्धा होती.

“अवो, अर्धं तिकीट असताना फुकट कशाला त्रास द्यायचा?” असं ती फोनवर म्हणाली. नवऱ्याच्या जीपमध्ये तिला तिकीट कधीच नव्हतं. धंदा संपला, हे राजशेखरला त्या दिवशी पटलं.

जीप त्यानं अल्ताफला विकली. अल्ताफ त्याच्याच हाताखाली गाडी शिकला होता. तुळजापूरहून आणलेली कवड्यांची माळ आरशाला तशीच राहू द्यायची, एवढी एकच अट राजशेखरनं घातली आणि अल्ताफनं ती आनंदानं मान्य केली. मोठ्या गाडीचं लायसन राजशेखरनं तरुणपणी काढून ठेवलेलं होतं, ते आता कामी आलं. सोलापूरच्या बाहेर एका माल वाहतूक कंपनीचं यार्ड आहे, तिथं त्याला घेतलं. सोलापूर ते हैदराबाद कंटेनर न्यायचा आणि आणायचा. पहिला महिना कच्चा, काम पसंत पडलं तर कायम.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं लोहाऱ्याच्या जीप स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला आणि भाषणही केलं. “आता माणसं न्हाय, माल वाहनार. माल बडबडत न्हाय, उलटी करत न्हाय, मोडवर उतरून पैसे घरी राहिले म्हनत न्हाय. केबिनला एसी हाय. पुन्हा या जीपमंदी बसलो तर बापाचं नाव लावनार न्हाय.”

असं बोलून ठेवल्यावर परतीची वाट बंद होते, हे त्याच्या ध्यानात आलं, पण चहा संपल्यावर. आता नोकरी गेली तर त्याच स्टँडवर उभं राहून, विकलेल्या जीपमध्ये, अल्ताफच्या शेजारी शीट म्हणून बसायचं. बाकी कशाहीपेक्षा राजशेखरला याची धास्ती होती.

कंपनीची गाडी नवी कोरी होती. चप्पल चालत नाही, बूट घाला, म्हणाले. त्यानं घातले. पट्टा लावा, म्हणाले. तोही लावला. काचेच्या वरच्या अंगाला एक काळी डबी बसवलेली होती. ती कशाची, हे कुणीतरी सांगितलं असणार, पण राजशेखर तेव्हा एसीचं बटण शोधत होता.

सोलापूर सुटलं. पहिल्याच फाट्यावर एक म्हातारा पिशवी घेऊन उभा होता. राजशेखरची मान वळली.

“कृपया सामने देखें,” एक बाई म्हणाली.

राजशेखर दचकला. सीटच्या मागं झोपायच्या फळीवर कुणी आहे का, म्हणून त्यानं वळून पाहिलं. बाई पुन्हा तेच म्हणाली, या वेळी शिट्टी वाजवून. तेव्हा त्याला कळलं की बाई डबीतली आहे. “व्हय बाई, चुकलं,” असं म्हणून त्यानं कॅमेऱ्याला नमस्कार केला. नमस्काराला स्टिअरिंग सोडलं म्हणून ती तिसऱ्यांदा बोलली.

नळदुर्ग येईपर्यंत बाईचा आवाज बसला नाही हेच नवल. नजर बाजूला गेली की ती बोले, डोळे मिटले की बोले, मोबाइल हातात घेतला की बोले. आणि प्रत्येक वेळी बोलताना वरच्या ऑफिसलाही कळवे. ठरलेल्या ढाब्यावर गाडी थांबताच ऑफिसातून उत्कर्षचा फोन आला. उत्कर्ष वयानं राजशेखरच्या भाच्याएवढा, पण सगळ्या गाड्या पडद्यावर पाहत बसायचं काम त्याच्याकडं असल्यानं साहेब.

“राजशेखरजी, डाव्या बाजूला काय आहे?”

“काय न्हाय साहेब. माणसं हायेत.”

“ती आपली नाहीत.”

रस्त्यावर हात करणारी माणसं आपली नाहीत, असं आजवर राजशेखरला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीला घरी आल्यावर त्यानं महेश्वरीला बाईचा आवाज करून दाखवला. नाकातून, गोड, जरा उपरा. “कृपया सामने देखें.” ती हसून हसून भिंतीला टेकली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “लग्न झाल्यापासनं म्या सांगतेय, जेवताना ताटाकडं बघा, रस्त्याकडं नको. माझं कधी ऐकलं न्हाय. त्या बाईचं बरं ऐकता?”

“ऐकतो कुठं? न्हाय ऐकत म्हनून तर नोकरी जायची वेळ आलीय.”

तसंच झालं होतं. उत्कर्षनं आदल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं, की बाकी सगळं चांगलं आहे. गाडी जपून चालवता, डिझेल कमी जाळता, माल वेळेवर पोचतो. पण मान फार वळते. शेवटच्या खेपेत बाई एकदा जरी बोलली, तर वरच्या साहेबांपुढं मला काही बोलता येणार नाही. आणि वाटेत मध्येच गाडी थांबवलीत, तर विचारायलाच नको.

यार्डात मकबूलभाई नावाचे जुने ड्रायव्हर होते. राजशेखरनं त्यांच्यापुढं गाऱ्हाणं मांडलं.

“मियाँ, मान हाय का टेबलफॅन?” मकबूलभाईंनी तंबाखू मळता मळता विचारलं. “बायकोसंगं बाजारातनं चालताना दुसरीकडं बघतोस का?”

“न्हाय.”

“का न्हाय?”

“भ्या वाटतं.”

“बस. तसंच चालवायचं. आरशात बघितलं तर बाई काय बोलत न्हाय. पन आरशात संसार मांडू नको. बघायचं आन् सोडायचं.”

शेवटची खेप आली ती नेमकी येळवशीला. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळा जिल्हा शेतात जेवायला जातो. बाजारपेठा ओस पडतात, ऑफिसात शिपाईसुद्धा सापडत नाही. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते, रानात ताकातली आंबील शिंपडतात आणि मग हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर घेऊन पंगती बसतात. खरी गोम पुढं आहे. त्या दिवशी रस्त्यानं जाणारा कुणीही उपाशी जाऊ द्यायचा नसतो. ओळख असो नसो, बांधावर उभं राहून हात वर करायचा आणि जेवायला बोलवायचं. वर्षभर जो रस्त्यावर हात शोधत फिरला, त्याला वर्षातला असा दिवस मिळाला होता की हात मोजायचे म्हटले तर बोटं पुरली नसती.

सकाळी यार्डात महेश्वरीचा फोन आला. “आज येळवस हाय.”

“ठाऊक हाय.”

“आष्टामोडवरनंच जानार ना?”

“जानार. पन थांबता येत न्हाय बघ.”

“कोन म्हनलं थांबा?” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तिच्या अशा बोलण्याचा अर्थ राजशेखरला पुरता ठाऊक होता. तरी त्यानं मनाची समजूत घातली, की ती चुलत्याच्या शेतात जेवायला गेली असेल, ते शेत मोडापासून लांब आहे, कशाला येते?

रस्ता मोकळा होता. एरवी जी वाहनं असतात ती सगळी शेताशेतांत उभी. नळदुर्गच्या पुढं पहिला हात दिसला. दिसला म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी वर गेलं. राजशेखरनं दात आवळले. “ओ ट्रकवाले, या जेवायला!” असा आवाज बंद काचेतूनही आत आला. मग दुसरा हात, मग एका बांधावर सगळं घरच उभं. एका म्हाताऱ्यानं तर उपरणंच हलवलं. राजशेखर समोर बघत होता. सरळ मान, ताठ पाठ, हनुवटी वर. लग्नाच्या फोटोतही आपण इतके ताठ नव्हतो, असं त्याला वाटलं. मानेचा एक स्नायू उडू लागला. तो उडता स्नायू बघून बाई बोलते की काय, याची त्याला वेगळीच भीती. त्यानं मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. “ही माणसं आपली न्हायत. ही माणसं आपली न्हायत.” जळकोट गेलं. बाई गप्प होती.

आष्टामोड आला.

डाव्या अंगाला, नेहमीच्या लिंबाखाली, काळं-पिवळं काहीतरी उभं होतं. स्वतःची जीप ओळखायला राजशेखरला मान वळवायची गरज नव्हती. जीपच्या पुढं कुणीतरी हिरव्या लुगड्यात उभं होतं, कमरेवर आंबिलीचं मडकं होतं आणि एक हात वर होता.

त्याचा पाय ब्रेकवर गेला. टेकला नाही, नुसता वर जाऊन तरंगला. इतक्या वर्षांत हात केलेलं एकही शीट त्यानं सोडलं नव्हतं. पाखरं हाकणारा माणूस सोडला नव्हता. आणि हे तर घरचं. डबीतली बाई वरून बघत होती. जीपच्या दारात अल्ताफ असणार, आणि त्याच्या शेजारची सीट रिकामी असणार.

राजशेखरनं पाय उचलून परत होता तिथं ठेवला.

पुढं गेल्यावर त्यानं आरशात पाहिलं. महेश्वरी लहान होत चालली होती. हात अजून वरच होता. खाली घ्यायचा विसरली होती की काय कोण जाणे. बघायचं आन् सोडायचं, मकबूलभाई म्हणाले होते. त्यानं सोडलं. बाई बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला त्या नोकरीत पहिल्यांदाच वाटलं.

हैदराबादला गाडी लागली तेव्हा उत्कर्षचा फोन आला. “राजशेखरजी, कमाल केलीत! एकदाही अलर्ट नाही. वरच्या साहेबांनी मान्य केलं, तुम्ही कायम. एवढं लक्ष कसं काय लागलं?”

“सराव केला साहेब,” राजशेखर म्हणाला.

परतीची खेप संपवून तो सोलापूरहून बसनं निघाला आणि आष्टामोडला उतरला. लिंबाखाली अल्ताफ शिटांची वाट बघत बसला होता. राजशेखरला बघताच उठून उभा राहिला, मान ताठ केली आणि त्याच्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघत म्हणाला, “कोन? आपन कोन?”

“गप बस रे. चल घरी.”

“पुन्हा या जीपमंदी बसनार न्हवता ना?”

राजशेखर पुढं बसला. ज्या सीटची महिनाभर भीती वाटली, ती बसल्यावर तशी बरीच मऊ होती. आपणच नवी गादी टाकली होती, हे त्याला आठवलं.

“येळवशीला तुझी भाभी काय म्हनली रे?” त्यानं शेवटी विचारलं.

“काय बी न्हाय, अण्णा. जीपमंदल्या समद्यांना तिथंच बसवून जेवू घातलं. तुमच्या वाटचे उंडे मी खाल्ले. लई झकास होते. पन भाभी बोलल्या न्हायत, त्याचंच मला भ्या वाटलं.”

जेवळीच्या अलीकडं राजशेखर एकदम ओरडला, “थांब थांब, हात केलाय!” अल्ताफनं ब्रेक मारला. बांधावरचा माणूस पाखरं हाकत होता.

घरी महेश्वरी टीव्ही बघत शेंगा फोडत बसली होती. राजशेखर बूट हातात घेऊन तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला.

“कायम झालो,” तो म्हणाला.

शेंग फुटली. मान वळली नाही.

“ऐकलंस का? साहेबाचा फोन आला. कायम केलं म्हनून.”

महेश्वरीनं नजर टीव्हीवरून न काढता, नाकातून, गोड, जरा उपऱ्या आवाजात सांगितलं, “कृपया सामने देखें.”

आवाज हुबेहूब जमला होता. त्यानंच शिकवला होता.

राजशेखरनं बूट दाराशी नेऊन ठेवले, परत आला आणि टीव्ही व ती यांच्या मधोमध, तिच्या बरोबर समोर, मांडी घालून बसला. ती काही वेळ त्याच्या आरपार टीव्ही बघत राहिली. मग उठून आत गेली आणि पितळी पेला घेऊन आली.

“येळवशीची आंबील ठिवली होती. लई आंबलीय आता. पिता का?”

राजशेखरनं पेला तोंडाला लावला. आंबटानं त्याचे दोन्ही डोळे गच्च मिटले. इथं कुणी शिट्टी वाजवली नाही, म्हणून त्यानं ते बराच वेळ तसेच मिटून ठेवले.