सतरा भाकरींची वाटणी

सहादेव तात्यांना माइक दिसला की बोलल्याशिवाय राहवत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. बारसं असो की दहावा, माइकला दोन टिचक्या मारायच्या, हॅलो हॅलो करायचं आणि गाडी कुठूनही सुटली तरी शेवटी स्वतःच्या घरावर आणून उभी करायची. "आमचं सोळा मान्साचं घर, पर चूल एक!" खर्डा गावच्या बाजारात गूळवाल्यालासुद्धा हे ऐकल्याशिवाय पैसे मिळायचे नाहीत. तीन लेक, तीन सुना, आठ नातवंडं, अठरा एकर रान. बरं, अभिमान खोटाही नव्हता. घरची सगळी पंगत बसल्याशिवाय तात्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

गावात भैरोबाच्या जत्रेला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी देवळापुढं मोठ्या कढईत शिजते, भाकरी मात्र घराघरातून येतात. ट्रॅक्टरची ट्रॉली आळीआळीनं फिरते आणि दर घरानं बाजरीच्या एकवीस भाकरी द्यायच्या. आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं. यंदा देवळातल्या बैठकीत झुंबरबाई उठली. झुंबरबाई म्हणजे तात्यांची शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, एकटी, रान नाही की शिवार नाही.

"मी एकली. माझ्या बी एकवीस आन् तात्याच्या बी एकवीस?" ती म्हणाली. "त्याच्या घरात तीन सुना थापाया. माझं मनगाट पार कामातून गेलं."

तात्यांनी लगेच माइक ओढला. "देवापुढं समदे सारखे! घरटी म्हंजे घरटी. सारखं आसंल त्योच न्याय!"

"देवापुढं सारखे असू दे रं," झुंबरबाई म्हणाली, "पर परातीपुढं न्हाई."

झालं! बैठक पेटली. त्यात वाल्मिक जत्रेला आलेला. हा नगरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला, त्यामुळं गावात आला की सगळ्यांना फुकट सल्ला. तो म्हणाला, "सरकार बी असंच करतंय की. ज्याची कमाई जास्त त्याला टक्का जास्त. आपन भाकरीचे स्लॅब पाडू."

"म्हंजे म्या राबून रान वाढवायचं आन् दंड बी म्याच भरायचा?" तात्या कडाडले. "आसं केल्यावर कोन कशाला जमीन घील?"

आता भाकरीच्या धाकानं कुणी जमीन घ्यायचा थांबलाय, असं आम्ही तरी कधी ऐकलं नाही. पण तात्यांच्या बाजूचे बागायतदार माना डोलवायला लागले. बाकीचे झुंबरबाईकडं. लई वादावादी झाली, एकाचा चष्मा पडला, आणि शेवटी हात वर करून ठरलं ते असं: भूमिहीनाला पाच भाकरी, पाच एकरापर्यंत एकवीस, त्यावर पन्नास आणि पंधरा एकराच्या वर एकशे एक.

एकशे एक! तात्यांचा चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा झाला. पण गडी कसला हुशार! बोटांवर काहीतरी पुटपुटले आणि परत माइक धरला.

"लिवून घ्या! आमच्यात वाटन्या झाल्यात. तीन पोरं आन् मी, चौघांला साडेचार-साडेचार एकर. चार घरं. एकवीस चोक चौऱ्याऐंशी. आता बोला!"

सतरा भाकरी वाचवल्या म्हणून तात्या मिशीत हसले. फक्त एक विसरले. देवळाचा भोंगा चालू होता आणि तो तात्यांच्या आळीकडंच तोंड करून बांधलेला होता.

दुपारी भूक लागल्यावर तात्या घरी आले, तर अंगणाची कळा पार बदललेली. थोरल्या सुनेनं, सत्यशीलानं, माहेराहून आणलेली आणि दहा वर्षं पलंगाखाली झाकून ठेवलेली गॅसची शेगडी ओट्यावर मांडली होती. मधलीनं विटांची चूल घातली होती. धाकटी टीव्ही उचलून आपल्या खोलीत घेऊन चालली होती. म्हशीचीही वाटणी झालेली. सकाळचं दूध एकीला, संध्याकाळचं दुसरीला आणि शेण तिसरीला, त्यावरून तिसरी फणफणत होती.

"आगं, ह्ये काय चालवलंय?" तात्या ओरडले.

"तुमीच म्हनलाव न्हवं भोंग्यातून," सत्यशीला पदर सावरत म्हणाली. "मामंजी, आज जेवायला तुमी मधलीकडं."

मधली म्हणाली धाकटीकडं. धाकटी म्हणाली, आमचं अजून मीठ यायचंय.

तात्या बायकोकडं वळले. गोजरबाई भिंतीला टेकून निवांत शेंगा फोडत बसली होती.

"आगं, ती नुसती भाकरीपुरती वाटनी हुती!"

"भाकरीपुरतंच तर घर असतंय," गोजरबाई म्हणाली. "त्येच्यावर आनखी काय असतंय?"

नातवंडं तीन ठिकाणी तीन ताटल्या घेऊन बसली होती आणि धाकटा नातू तात्यांकडं बोट दाखवत दर चुलीपाशी जाऊन विचारत होता, "आबा कुनाचे?"

तात्या आले तसे उपाशीच परत देवळात गेले. टिचकी नाही, हॅलो नाही. "वाटन्या रद्द. आमचं घर एकच हाय. लिवा एकशे एक."

"तात्या, एखादी सूट बसती का बघू?" वाल्मिकनं विचारलं.

"तू गप ए, मुडद्या!"

घरी चूल एक झाली, पण गोजरबाईनं अट घातली. एकवीस भाकरी बायका थापतील, उरलेल्या तात्यांनी आणि लेकांनी थापायच्या. जत्रेच्या दिवशी पहाटेपासून चौघं परातीशी झुंजत होते. तात्यांच्या भाकरीला चार कोपरे आले, एकीला तर शेपूट फुटलं. बोटं भाजली, मिशीला पीठ लागलं. ट्रॉलीवाला त्या भाकरी बघून इतका हसला की मोजायचाच विसरला.

संध्याकाळी देवळापुढं पंगत बसली. सोळाच्या सोळा एका ओळीत. समोर झुंबरबाई. नेमकी शेपटाची भाकरी तिच्याच पुढं आली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली, आमटीत कुस्करली आणि म्हणाली, "कडक हाय, पर पोटाला चालती."

तात्यांना हुरूप आला. शेजारीच माइक होता. भाजलेल्या बोटानं तो ओढत ते उठले, "हॅलो, हॅलो! म्या काय म्हनतो, पुढल्या वर्सापासनं घरटी न्हाई, एकरी न्हाई, मानशी एक भाकर..."

"मामंजी," सत्यशीला हळूच म्हणाली, "शेगडी काढू का?"

तात्या मुकाट्यानं खाली बसले आणि आमटी भुरकायला लागले.