तळवे दिसले पाहिजेत

१२ नोव्हेंबर. दुपारी अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. धाकटी जाऊ आली आणि म्हणाली, "ताई, त्याचा फोन आला होता."

तो म्हणजे तिचा मुलगा, वय चोवीस. अंबडला कारखान्यात फिटर होता. परदेशात गोदामात काम आहे असं सांगून एका एजंटाने त्याला नेलं आणि तिथे हातात बंदूक दिली. चार महिने तो परक्या लढाईत खंदकात होता. आता संधी मिळताच समोरच्या सैन्याला शरण जाणार होता.

"मी सांगितलं, हात जोड आणि वाक. हात जोडणाऱ्याला कोण मारतं?"

मला खात्री वाटेना. तिला घेऊन गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनी, हात अजिबात जोडायचे नाहीत. नमस्कार आपल्याला कळतो. त्यांना दिसणार छातीशी काहीतरी लपवलंय. हात वर, बोटं पसरून. बंदूक आधीच टाकायची. खिशाला हात नाही, कागद दाखवायलासुद्धा. पळायचं नाही."

"एवढं केलं की वाचेल ना?" जाऊने विचारलं.

"समोरचा घाबरलेला नसेल तर. आणि त्याच्याच बाजूचे मागून गोळी घालू शकतात. कुणाला बोलू नको म्हणावं."

त्याचा स्वतःचा फोन काढून घेतला होता, त्यामुळे निरोप धाडायची सोय नव्हती. संध्याकाळी त्यानेच कुणाच्या तरी फोनवरून पुन्हा केला. जाऊ रडायलाच लागली. मी फोन ओढून घेतला.

"हात जोडू नको. बंदूक आधी टाक, हात वर कर, बोटं पसर. खिशात हात नको, पळू नको. काय सांगितलं, म्हणून दाखव."

"बंदूक टाकायची, हात वर, बोटं पसरून, खिशात नाही, पळायचं नाही. पण मोठी आई, आई तर म्हणाली..."

"आईचं चुकलं."

फोन कट झाला.

"माझ्याच पोराशी मला बोलू दिलं नाही तुम्ही," जाऊ म्हणाली.

"तू रडत होतीस."

ती उठून गेली. तिचंही खोटं नव्हतं. पुन्हा फोन येईल याची हमी कुणी दिली होती?

१३ नोव्हेंबर. सकाळी त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन मी तिच्या दारात स्कूटर उभी केली. पकडला गेला तर त्याचं नाव सरकारदरबारी नोंदलेलं हवं. ती मागे बसली. सीबीएस बसस्थानकाच्या सिग्नलला म्हणाली, "त्याने सगळं बरोबर म्हणून दाखवलं ना?"

"हो. एकही चूक नाही."

कलेक्टर ऑफिसात अर्ज दिला आणि शिक्का मारलेली पोच तिच्या हातात ठेवली.